सोसायटीचं दप्तर ड्राइव्हवर: कुठलं काम कुठून करायचं

डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या सोसायटीची मी सचिव आहे. मानद, म्हणजे बिनपगारी. दप्तर गूगल ड्राइव्हवर, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या फाइल-कपाटात, न्यायचं ठरलं तेव्हा कमिटीत सगळे म्हणाले, आता काय, फोनवरच होईल सगळं. तसं होत नाही. कागद कॉम्प्युटरवर, ब्राउझरमध्ये आणि फोनवर तेच दिसतात, पण प्रत्येक ठिकाणी जमणारं काम वेगळं. ते एकदा वाटून घेतलं की निम्मी कटकट जाते.

आधी खातं. सोसायटीच्या नावाचं वेगळं जीमेल खातं काढा आणि सगळं त्यातूनच चढवा. फाइल जो चढवतो ती त्याच्या मालकीची होते आणि जागाही त्याच्याच खात्यातली खाते. सचिव फ्लॅट विकून पुण्याला गेले की दप्तर त्यांच्या खाजगी खात्यात अडकतं. फुकट मिळणारी १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते, म्हणून या खात्यावर फोटोंचा बॅकअप चालू करू नका. जागा भरली तर नुसत्या फाइली अडत नाहीत, येणारी मेलही थांबते. निबंधक कार्यालयाचं पत्र नेमकं तेव्हाच येणार.

कॉम्प्युटरवर ‘ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’ हे अ‍ॅप टाका. विंडोजमध्ये एरवी सी, डी दिसतात तिथे जी नावाचा आणखी एक ड्राइव्ह दिसू लागतो. अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्ट्रीम’ आणि ‘मिरर’ असे दोन पर्याय आहेत. स्ट्रीममध्ये फाइलींची यादी दिसते आणि उघडलेली फाइल तेवढी उतरते. मिररमध्ये सगळ्याची प्रत तुमच्या डिस्कवर राहते. माझं मत स्ट्रीमच्या बाजूने. लॅपटॉप जुना, त्यात घरच्यांच्याही फाइली. ज्या फोल्डरशिवाय अडतं त्यावर राइट क्लिक करून तो ऑफलाइन उपलब्ध करून ठेवला की नेट गेलं तरी काम चालतं.

दप्तर लावायचं काम इथेच करा. शंभरेक फाइलींची नावं फोनवर बदलत बसलात तर मान आणि डोळे दोन्ही जातील. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी विषय: ‘२०२४-०९-२२ वार्षिक सभा इतिवृत्त’. मग फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. ‘नवीन फायनल’ असल्या नावांना आमच्याकडे बंदी आहे. आणि लॅपटॉप मिटण्याआधी अ‍ॅपच्या चिन्हावर क्लिक करून सगळं चढलंय ना ते बघा. अर्ध्यात मिटलात तर बाकीच्यांना जुनीच फाइल दिसत राहील.

सगळ्यात जास्त गैरसमज पुसण्याबद्दल आहे. जी ड्राइव्हमधली फाइल म्हणजे झेरॉक्स नव्हे. इथून उडवली की ती फोनवरूनही गेली आणि ब्राउझरमधूनही. ‘माझ्या लॅपटॉपवरची काढली, तुमची राहील’ असं कोणी म्हणालं तर लगेच कचरापेटी उघडा. तिथे ती ३० दिवस असते, मग कायमची जाते.

परवानग्यांचं काम ब्राउझरमध्ये, तेही मोठ्या पडद्यावर, शांतपणे करा. वरच्या फोल्डरला दिलेली परवानगी आतल्या सगळ्या फोल्डरना लागू होते, म्हणून मुळातच दोन वेगळे फोल्डर करा. एक सर्व सभासदांसाठी: उपविधी (सोसायटीचे नियम), ऑडिट झालेले ताळेबंद, सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं. दुसरा कमिटीपुरता: नामनिर्देशन अर्ज, आधार-पॅनच्या प्रती, थकबाकीच्या नोटिसा. पहिल्यात सभासदांना फक्त पाहण्याचा हक्क द्या. बदलण्याचा हक्क सचिव आणि खजिनदार यांनाच. दुसऱ्या फोल्डरवर ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय चुकूनही नको. अशी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर एकदा सुटली की ती कोणाकोणाच्या फोनमध्ये गेली हे देवालाच माहीत.

खजिनदार आणि सचिव दोघांना एकाच तक्त्यात आकडे भरायचे असतील तर तेही ब्राउझरमध्ये. एकाने केलेला बदल दुसऱ्याला तिथल्या तिथे दिसतो. शोधही इथलाच चांगला. छापील इंग्रजी कागदाचा स्कॅन नीट असेल तर आतला मजकूरही सापडतो, लिफ्ट कंपनीचं नाव टाकलं की करार समोर. हाताने लिहिलेल्या इतिवृत्ताच्या वहीच्या बाबतीत ही आशा ठेवू नका, तिथे फाइलचं नावच कामाला येतं.

एखाद्या सभासदाची ‘उघडतच नाही’ अशी तक्रार आली, तर दहातल्या नऊ वेळा तो भलत्याच खात्यातून बघत असतो. उजव्या कोपऱ्यातलं गोल चित्र दाबून खातं बदलायला सांगा. फोनवरही हेच.

फोनचं काम दोनच गोष्टींचं, पण त्यात त्याला तोड नाही. पहिली, स्कॅन. अ‍ॅपमधलं कॅमेऱ्याचं चिन्ह दाबा, कागद खिडकीपाशी सपाट ठेवा, कडा तो स्वतः ओळखतो. पानं एकामागून एक घेऊन एकच पीडीएफ करा. सात पानांच्या सात फाइली पाठवणाऱ्यांना माझा नमस्कार. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं बिलही शेअरमधून थेट ड्राइव्हमध्ये टाकता येतं, फक्त योग्य फोल्डर निवडा. दुसरी गोष्ट, दाखवणं. सरकारी कचेरीत जायचं असेल तर निघण्याआधी घरीच फाइलीशेजारचे तीन ठिपके दाबून ती ऑफलाइन करून ठेवा. खिडकीपाशी उभं राहून रेंज शोधण्यासारखं लाजिरवाणं काही नाही. मात्र नोंदणीकृत कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावे झाल्याचा दस्त), इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), सह्यांची वही हे मूळ कागद लोखंडी कपाटातच राहतात. स्कॅन म्हणजे मूळ नव्हे.

खात्याला टू-स्टेप पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरूनही खात्री करून घेणं, लावाच. पण ती एकाच फोनवर ठेवलीत आणि तो फोन लोकलमध्ये गेला, तर सोसायटीच खात्याबाहेर. म्हणून बॅकअप कोड, म्हणजे फोन नसताना खातं उघडायला गूगल देतं ते आकडे, छापून पाकिटात घालून त्याच कपाटात ठेवा. निवडणुकीनंतर कमिटी बदलली की चार्ज देताना नव्या सचिवाचा नंबर जोडा, पासवर्ड बदला, खात्याच्या सुरक्षा पानावर ‘युअर डिव्हाइसेस’ उघडून जुने फोन आणि लॅपटॉप साइन आउट करा आणि नवे कोड काढा. जुन्या सचिवांना राग येईल. येऊ द्या. चार्ज दिल्याच्या कागदावर हेही झाल्याची एक ओळ लिहून दोघांनी सही करा.