सुपरहिरोपटाचा शेवट कसा पारखावा

नाशिकच्या मल्टिप्लेक्समधून बाहेर पडणाऱ्या गर्दीत ‘नुसता धुमाकूळ होता, गोष्ट कुठे होती?’ ही तक्रार आणि ‘पैसा वसूल!’ हे तिचे उत्तर, दोन्ही जिना उतरेपर्यंत ऐकून होतात. वाद मिटवायचा असेल, तर लढाई किती वेळ चालली हे मोजण्यात अर्थ नाही. मार्व्हल मालिकेतला बाविसावा चित्रपट ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ (2019) 181 मिनिटांचा आहे आणि त्याचा पहिला तास बहुतांशी पराभवाच्या दुःखात जातो, तरीही लोकांच्या लक्षात राहते ती अखेरची रणधुमाळीच. (चित्रपट पाहिला नसल्यास पुढे वाचू नये.)

त्याऐवजी प्रत्येक मोठ्या प्रसंगापुढे कागदावर एवढेच लिहावे, की येथे निर्णय कोणी घेतला आणि त्याने काय गमावले. व्होर्मिर ग्रहावरचा प्रसंग घ्या. विश्वाला तारणाऱ्या मोहिमेसाठी लागणारा जादूई मणी मिळवायला एकाचा बळी हवा असतो आणि नताशा (ब्लॅक विडो) व क्लिंट (हॉकआय) हे सहकारी दोघेही दुसऱ्याला वाचवून स्वतः मरायला धावतात, त्यामुळे त्यांच्या झटापटीतला प्रत्येक फटका हा संवादच असतो आणि ती मारामारी वगळली तर कथेचा कणाच मोडतो. याउलट अंतिम युद्धात सर्व नायिका क्षणभर एका ओळीत उभ्या राहतात, त्या प्रसंगापुढे कागदावर उत्तराची जागा कोरीच राहते. टाळ्या मिळतात, पण कोणाचेही काही बदलत नाही.

टोनी स्टार्कचा, म्हणजे आयर्न मॅनचा, शेवट या कसोटीला पुरेपूर उतरतो. लेकीसाठी सुरुवातीला मोहिमेत पडायला नकार देणारा हा बाप जादूगार डॉक्टर स्ट्रेंजने उचललेले एक बोट पाहतो, त्याचा अर्थ ओळखतो आणि मण्यांच्या शक्तीने शत्रूला संपवणारी, पण स्वतःचा जीव घेणारी चुटकी वाजवतो. 2008च्या पहिल्या चित्रपटात बढाईच्या सुरात म्हटलेले ‘मी आयर्न मॅन आहे’ हे वाक्य येथे प्राणाच्या मोलाने उच्चारले जाते. अशी पूर्वतयारी शोधण्यासाठी आधीचे भाग आठवावे लागतात. एकविसाव्या चित्रपटापर्यंत जे पेरले नाही, ते बाविसाव्यात उगवत नाही.

दोषही तितक्याच नेमकेपणाने नोंदवावेत. भूतकाळ बदलल्याने वर्तमान बदलत नाही, असा नियम चित्रपट स्वतःच घालून देतो आणि अखेरीस भूतकाळात राहून म्हातारा झालेला स्टीव्ह (कॅप्टन अमेरिका) वर्तमानात बाकावर बसलेला दाखवतो. तो तेथवर कसा पोहोचला, हे मात्र सांगत नाही. माझ्या मते कथेची खरी कुचराई येथे आहे, स्फोटांमध्ये नाही.

भव्यतेलाच नाक मुरडणाऱ्यांनी पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या फाळके स्मारकाला एकदा भेट द्यावी. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेबांना चमत्कारांचे वावडे कधीच नव्हते. पण ‘कालिया मर्दन’मध्ये (1919) नाग येण्याआधी त्यांनी कृष्ण साकारणाऱ्या आपल्या मुलीचा, मंदाकिनीचा, चेहरा जवळून दाखवला आणि त्यावर एकामागून एक उमटणारे भाव प्रेक्षकांना न्याहाळू दिले.

मत पक्के करण्यापूर्वी शेवटची लढाई घरच्या टीव्हीवर आवाज बंद करून पुन्हा पाहावी. पार्श्वसंगीत नसताना कोण कोणासाठी आणि का लढतो आहे हे कळत राहिले, तर दिग्दर्शकाला गुण द्यावेत. कळले नाही, तर ती वेळ परीक्षणात नोंदवावी.