बदके उडूनच का जातात? तळ्याकाठी होणाऱ्या या चुका टाळा

पहिली चूक कॅमेरा पिशवीतून बाहेर काढण्याआधीच होते, ती म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या प्रत्येक पक्ष्याला बदक समजणे. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पक्षी वारकरी असतो आणि क्षणात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी चिमुकली ती टिबुकली. दोघांच्याही चोची टोकदार असतात, बदकासारख्या चपट्या नसतात. बेळगाव परिसरात बारमाही दिसणाऱ्या हळदी-कुंकू बदकाची ओळख तर नावातच आहे, कारण त्याच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे असते आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके असतात.

हिवाळी पाहुण्यांच्या बाबतीत घोटाळा अधिक होतो. ऑक्टोबरच्या सुमारास तलवार बदकांचा थवा उतरला की ‘या सगळ्या माद्याच आहेत’ अशी नोंद हमखास केली जाते. वास्तविक विणीनंतर नरांची रंगीत पिसे गळतात, काही काळ ते मादीसारखेच तपकिरी दिसतात आणि नवा पिसारा हळूहळू चढतो. म्हणून त्या दिवसांत रंगापेक्षा आकारावर भर द्यावा. थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच कोणत्याही पिसाऱ्यात लपत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बदकांच्या दिशेने सरळ चालत जाणे. खानापूर रस्त्याकडच्या एका गावतळ्यावर मी बांधावरून ताठ चालत गेलो, तेव्हा उजळलेल्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर माझी आकृती उठून दिसली आणि शिट्ट्या घालत अडई बदकांचा अख्खा थवा उडाला. माझ्या हाती फक्त शेपट्यांचे फोटो लागले. अडई बव्हंशी रात्री भाताच्या शिवारांत व पाणथळीत चरतात आणि दिवसा विश्रांती घेतात, त्यामुळे दिवसा त्यांना उठवणे म्हणजे त्यांची झोपमोड करणेच होय. उजाडण्यापूर्वी पोहोचून, सूर्य पाठीशी येईल अशा पूर्वेकडच्या काठावर, पाणकणसाच्या आडोशाने खाली बसावे आणि बदकांना आपल्याकडे येऊ द्यावे. चरणे थांबले, माना ताठ झाल्या आणि थवा एकवटून खोल पाण्याकडे सरकू लागला, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून तिथेच थांबावे किंवा मागे सरावे. पाव किंवा चुरमुरे टाकून त्यांना बोलावण्याचा मोहही टाळावा.

फोटो धूसर आल्यास लोक लेन्सला दोष देतात. पण दहानंतर तापलेल्या हवेच्या लहरी पाण्यावरून उठत असतात आणि लांबचा पक्षी कितीही अचूक फोकस केला तरी वितळल्यासारखा दिसतो. त्यावर कॅमेऱ्यात उपाय नाही, लवकर येणे हाच उपाय. गडद पाण्यामुळे कॅमेरा चित्र अधिक उजळवतो आणि तलवार बदकाची पांढरी मान जळून जाते, म्हणजे तपशील हरवून नुसती पांढरीफटक दिसते, तेव्हा एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा प्रकाश) सुमारे एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, कमी करावे. उजळ आकाशात उडणाऱ्या बदकासाठी मात्र ते एक स्टॉप वाढवावे लागते. शटरचा वेग पोहणाऱ्या बदकाला १/५०० सेकंद आणि उडणाऱ्याला किमान १/१६०० सेकंद ठेवावा. फोकस पुढच्या गवतावर जात असेल तर फोकसचा एकच बिंदू निवडून तो पक्ष्याच्या डोळ्यावर आणावा. बांधावरून खाली रोखून काढलेल्या फोटोत बदक पाण्याला चिकटल्यासारखे दिसते, म्हणून चिखल लागला तरी कॅमेरा पाण्याच्या पातळीजवळ न्यावा.

शेताच्या बांधावर बसण्यापूर्वी मालकाला विचारावे. कानडीतली दोन-चार वाक्ये येत असतील तर ती या भागात मोठ्या लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण थवा संध्याकाळी कुठे उतरतो हे त्या शेतकऱ्यालाच माहीत असते. पावसाळ्यात हळदी-कुंकू बदक पाण्याजवळच्या गवतात जमिनीवरच घरटे करते, तेव्हा त्या दिवसांत काठचे गवत तुडवू नये, घरट्याचे फोटो काढू नयेत आणि जागाही कुणाला कळवू नये.

शेवटची चूक निघताना होते. मनासारखे फोटो मिळाले की माणूस एकदम उठून कपडे झटकतो आणि तासाभरात विश्वासाने जवळ आलेला थवा उधळतो. त्याऐवजी बसल्या बसल्या मागे सरकत आडोशाबाहेर पडावे आणि बांधाच्या पलीकडे गेल्यावरच उभे राहावे.