मोठ्या संख्येचे गुणधर्म काढताना या चुका टाळा

नाशिक शहराचा पिनकोड ४२२००१, नाशिकरोडचा ४२२१०१. फरक एकाच अंकाचा, पण पहिल्या संख्येचे अवयव पडतात आणि दुसरी चक्क मूळ संख्या आहे. सरावाला याहून चांगली जोडी शोधून सापडणार नाही.

अवयव अर्धवट सोडणे

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ४२२००१ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो आणि भागाकार येतो ४६८८९. मग ७, ११, १३ लावून पाहतात आणि भाग गेला नाही की ‘मूळ संख्या’ लिहून मोकळे होतात. उत्तर बरोबर आहे, पण ते सिद्ध झालेलं नाही. ४६८८९ चं वर्गमूळ सुमारे २१६.५, म्हणजे २११ पर्यंतची प्रत्येक मूळ संख्या तपासायलाच हवी. काही जण उलट मूळच्या ४२२००१ चं वर्गमूळ धरून ६४७ पर्यंत जातात. ९ बाहेर काढल्यावर ती मेहनत वाया जाते.

४२२१०१ साठी मात्र ६४७ पर्यंत जावंच लागतं. तिथे ६७ ने भागलं की कॅल्क्युलेटरवर ६३००.०१४९ दिसतं आणि घाईत ते ६३०० वाचलं जातं. शंका आली की उलट गुणा: ६७ × ६३०० = ४२२१००. बाकी १, भाग जात नाही.

घातांक विसरणे

४२२००१ = ३² × ४६८८९. विभाजक (२+१) × (१+१) = ६. दोन्ही ३ वेगळे धरून २×२×२ केलं की ८ येतात, ते चूक. विभाजकांची बेरीज (१+३+९) × (१+४६८८९) = १३ × ४६८९० = ६०९५७०. संख्या परिपूर्ण आहे का, म्हणजे ती सोडून बाकी विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते का, हे पाहताना यातून ती संख्या स्वतः वजा करायची असते, उरतात १८७५६९. हे ४२२००१ हून कमी, म्हणून संख्या न्यून (बेरीज कमी पडणारी).

कापरेकरांच्या संख्या

देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या व्याख्येप्रमाणे, अंकांच्या बेरजेने भाग जाणारी संख्या ती हर्षद संख्या. ४२२००१ हर्षद आहे. ४२२१०१ मूळ असल्यामुळे तपासायचीही गरज नाही, कारण एकाहून जास्त अंकांची मूळ संख्या हर्षद असूच शकत नाही.

जिच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की तीच संख्या परत येते, ती कापरेकर संख्या. ती तपासताना वर्ग कुठे तोडायचा, इथे चूक होते. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९, अकरा अंकी. संख्या सहा अंकी, म्हणून उजवीकडून सहा अंक मोजा: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. डावीकडून सहा मोजले तर बेरीज २२६५३० येते आणि चांगली कापरेकर संख्या बाद होते.

एक्सेलवर भिस्त

एक्सेल १५ अंकच जपतं, सोळावा अंक मुकाट्याने शून्य होतो. सेल टेक्स्ट केला तर अंक टिकतात, पण त्यावर गणित केलं की पुन्हा तेच. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, फक्त भाग जातो का हे पाहायला % (बाकी देणारं चिन्ह) वापरा. / वापरलं की उत्तर दशांशात येतं आणि साधारण सोळाव्या अंकापुढे त्याचा भरवसा नाही.