वायर टाकली, तरी व्हिडिओ अडकतो? घरातल्या लॅन जोडणीत या चुका टाळा

खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंती इतक्या जाड असतात की ओसरीतल्या राउटरचे वायफाय आतल्या खोलीपर्यंत धड पोचत नाही. नव्या दुमजली सिमेंटच्या घरांतही वरच्या मजल्यावर हीच तऱ्हा असते. त्यामुळे टीव्हीपर्यंत लॅन केबल, म्हणजे राउटरमधून इंटरनेट पोचवणारी वायर, ओढून घेण्याचा निर्णय योग्यच ठरतो. मात्र एकदा केबल आली की घरातली बाजू निर्दोष आहे असे गृहीत धरले जाते, आणि व्हिडिओ अडकू लागला की तपासणी न करताच मोठा प्लॅन घेतला जातो. ही सर्वांत महागडी चूक आहे. फुल एचडी चित्रासाठी नेटफ्लिक्स ५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, हे इंटरनेटच्या वेगाचे माप), तर फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस वेग पुरेसा मानते. म्हणजे ५० एमबीपीएसच्या प्लॅनवर एकच टीव्ही चालू असताना चित्र थांबत असेल, तर १०० चा प्लॅन घेऊन काहीही सुधारण्याची शक्यता कमी आहे. शिवाय अनेक स्मार्ट टीव्हींचे लॅन पोर्ट मुळातच १०० एमबीपीएसचे असते, त्यामुळे त्याहून जास्त वेग टीव्हीपर्यंत पोचतच नाही.

दुसरी चूक मोजण्याच्या जागेची. राउटरजवळ उभे राहून मोबाइलवर वेग तपासला आणि तो उत्तम आला, तर त्यातून टीव्हीच्या केबलविषयी काहीच कळत नाही, कारण मोबाइल वायफायवर असतो. टीव्हीच्या मागची केबल काढून तीच लॅपटॉपला लावावी आणि ज्या वेळी त्रास होतो त्याच वेळी, म्हणजे बहुधा रात्री जेवणानंतर, वेग मोजावा. लगेच लॅपटॉप राउटरजवळ नेऊन दुसऱ्या, आखूड केबलने तीच चाचणी पुन्हा करावी. राउटरपाशी वेग चांगला आणि टीव्हीपाशी वाईट असेल, तर दोष मधल्या मार्गात आहे. दोन्हीकडे वाईट असेल, तर तो राउटरमध्ये किंवा बाहेरच्या लाइनमध्ये आहे. दोन्हीकडे चांगला असून टीव्हीवरच चित्र थांबत असेल, तर टीव्हीची भरलेली मेमरी, जुने झालेले ॲप किंवा सॉफ्टवेअर तपासावे. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणी खरोखर केबलवरच आहे ना, हेही पाहावे. जुने वायफाय जोडलेलेच राहिले आणि केबलचा कनेक्टर नीट बसलेला नाही, असे प्रकार दिसतात.

केबल आणि कनेक्टर

बहुतेक दोष येथे सापडतात, म्हणून येथे घाई करू नये. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात आणि त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. १०० एमबीपीएसला त्यांपैकी दोनच जोड्या लागतात, तर गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) चारही लागतात. त्यामुळे लॅपटॉप आणि राउटर दोन्ही गिगाबिटचे असूनही जोडणीचा वेग १०० दिसत असेल, तर एखादी तार तुटलेली किंवा कनेक्टरमध्ये नीट न बसलेली असण्याची दाट शक्यता असते. विंडोजमध्ये इथरनेटच्या सेटिंगमध्ये हा वेग लिहिलेला सापडतो. तेथे १० दिसत असेल किंवा पोर्टचा दिवा मध्येच विझून पुन्हा लागत असेल, तर आधी दोन्ही टोकांचे कनेक्टर कापून नवे क्रिंप करावेत, म्हणजे खास पक्कडीने तारांवर दाबून बसवावेत.

क्रिंप करताना रंगांचा क्रम मनाने लावणे ही फार वेळा होणारी चूक आहे. दोन्ही टोकांना सारखाच क्रम असला की झाले, असे काही कारागीर मानतात. आठ दिव्यांच्या साध्या टेस्टरवर सगळे दिवे ओळीने लागतात, म्हणून ती केबल निर्दोषही वाटते. परंतु क्रम चुकला की एकाच संकेताच्या दोन तारा दोन वेगळ्या पिळांत जातात, पिळामुळे मिळणारे संरक्षण नाहीसे होते आणि एका जोडीचा संकेत दुसरीत मिसळू लागतो. अशा केबलवर संकेतस्थळे उघडतात, पण सलग व्हिडिओ अडखळतो. प्रचलित क्रम असा आहे : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी हिरव्या जोडीच्या मध्ये येते, हे मुद्दाम ध्यानात ठेवावे.

केबल विकत घेताना ती पूर्ण तांब्याची आहे का, हे स्पष्ट विचारावे. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या तारा स्वस्त मिळतात, पण त्यांचा विद्युतरोध जास्त असतो आणि वाकवल्यावर त्या लवकर तुटतात. चाकूने हलके खरवडल्यावर आत पांढरट चकाकी दिसली, तर ती केबल भिंतीत घालू नये. विजेच्या वायरच्याच पाइपमधून लॅन केबल नेणेही टाळावे, कारण त्यात व्यत्यय येतोच, शिवाय ते धोक्याचेही आहे. तुटलेल्या केबलला पीळ देऊन चिकटपट्टी लावलेला जोड तर कधीही ठेवू नये.

उन्हाळा, वीज आणि वळीव

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि घरगुती राउटर व नेटवर्क स्विच (एका लॅन केबलवरून अनेक उपकरणे जोडणारा डबा) बहुधा ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला स्विच सकाळी नीट चालतो, दुपारनंतर अडखळतो आणि बंद-चालू केल्यावर थोडा वेळ सुधारतो, तेव्हा उष्णतेचा संशय घ्यावा. तो खाली, मोकळ्या हवेत आणावा. राउटरवर सेट-टॉप बॉक्स ठेवू नये. कूलर सुरू होताच राउटर बंद होऊन पुन्हा चालू होत असेल, तर व्होल्टेज आणि राउटरचा ॲडॉप्टर तपासावा. वीज गेल्यावर राउटर इन्व्हर्टरवर चालतो, पण मधला स्विच मात्र नुसत्या मेन लाइनवर असतो, हीदेखील सहज नजरेआड होणारी बाब आहे.

वळवाच्या पावसात विजा चमकतात. समोरच्या घरापर्यंत किंवा शेडपर्यंत उघड्यावरून नेलेली तांब्याची केबल अशा वेळी पोर्ट जाळू शकते. दोन इमारतींमध्ये फायबर टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधील प्रकाशाचा संकेत लॅन केबलसाठी बदलणारे उपकरण) लावणे हा त्यावरचा योग्य उपाय आहे.

जुना राउटर स्विच म्हणून वापरणार असाल, तर त्यातील डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे, त्याचा आयपी पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवावा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावावी. नाहीतर घरात दोन राउटर वेगवेगळे पत्ते वाटू लागतात. साध्या स्विचमध्ये एकाच केबलची दोन्ही टोके चुकून लागली, तर सगळे घरच ठप्प होते. काहीही सुचेनासे झाले म्हणून टाचणीने रीसेटचे बटण दाबणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्याने जोडणीचे युजरनेम आणि पासवर्डही पुसले जाऊ शकतात.

घरातली बाजू अशी तपासून झाल्यावरच कंपनीकडे तक्रार करावी. त्या वेळी राउटरपाशी केबलवर घेतलेले वेगाचे आकडे वेळेसह द्यावेत आणि कंपनीची फायबर घरात ज्या डब्याला जोडलेली असते, त्यावर येणारी प्रकाशाची पातळी मोजण्यास सांगावे. ती साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (संकेताची ताकद मोजण्याचे एकक) दरम्यान असायला हवी. उणे २७ पेक्षा खाली गेली असेल, तर कुठेतरी फायबर जास्त वाकली आहे, तिचा जोड खराब आहे किंवा कनेक्टरवर धूळ बसली आहे. ते काम कंपनीच्या माणसाचेच आहे.