विनोदी मूकपटाला प्रत्यक्ष साथ कशी करावी

पडद्यावरच्या माणसाला आपण विनोदी आहोत हे ठाऊक नसते, हे साथ करणाऱ्याने आधी पक्के ध्यानात घ्यावे. त्याला उडालेली टोपी परत मिळवायची असते किंवा पोलिसाच्या हाती लागायचे नसते, आणि त्यासाठी तो अगदी मनापासून धडपडत असतो. वाद्याने त्याची ही निकड खरी मानली तर प्रेक्षक हसतात. वाद्यच खिदळू लागले तर प्रेक्षकांना करण्यासारखे काही उरत नाही. चार्ली चॅप्लिनने ‘सिटी लाइट्स’ (१९३१) या आपल्या मूकपटाचे संगीत स्वतः रचले. आपल्या विनोदाशी स्पर्धा करणारे गमतीदार संगीत त्याला नको होते. त्याने पडद्यावर रंगवलेल्या भटक्याच्या फजितीच्या मागे नाजूक, डौलदार सुरावटी असाव्यात असा त्याचा आग्रह होता.

तयारी सुरू करण्यापूर्वी, प्रयोगाच्या दिवशी नेमकी कोणती प्रत दाखवली जाणार आहे ते विचारून घ्यावे. मूकपटांच्या काळात कॅमेरा बहुधा हाताने फिरवला जाई, त्यामुळे चित्रीकरणाचा वेग निश्चित नसे; सेकंदाला २४ फ्रेमचे प्रमाण बोलपटांबरोबर रूढ झाले. १६ फ्रेमच्या वेगाने साठ मिनिटे चालणारा मूकपट २४ च्या वेगाने चाळीस मिनिटांत संपतो. म्हणून घरी एका प्रतीवर बसवलेली साथ दुसऱ्या प्रतीवर पार कोलमडू शकते.

मूकपट पहिल्यांदा पूर्ण शांततेत पाहावा आणि आपल्याला कुठे हसू आले एवढेच टिपावे. दुसऱ्या वेळी घड्याळ समोर ठेवून एक टिपण करावे, ज्यात वेळ, प्रसंग, वाजवायची धून आणि धून बदलण्याचा इशारा एवढे असले की पुरे. हा इशारा बदलाच्या क्षणभर आधी स्पष्ट दिसणारा असावा. दार उघडल्यावर संगीत बदलायचे असेल, तर दाराच्या मुठीकडे जाणारा हात हा खरा इशारा होय. धुना फार नकोत. नायकाची एक, त्याच्या विरोधकाची एक आणि प्रेमाची एक, अशा तीन छोट्या धुना लय, सप्तक आणि स्वर बदलत बदलत तासभर सहज पुरतात.

पाठलागात मात्र बहुतेकांची गफलत होते. पहिला पोलीस धावू लागताच वादक सगळा वेग आणि सगळा जोर खर्ची घालतो, आणि मागे पोलिसांची पलटण लागते तेव्हा त्याच्या हाती काहीच शिल्लक नसते. त्यापेक्षा मध्यलयीत, मोजक्या स्वरांवर सुरुवात करावी. पाठलाग करणाऱ्यांची संख्या वाढेल तसा मंद्र (खालच्या) सप्तकातला भरणा वाढवावा, मग तीच धून अर्ध्या स्वराने वर न्यावी, आणि दुगुन, म्हणजे दुप्पट लय, शेवटच्या मिनिटासाठी राखून ठेवावी. मध्येच नायक पिंपात लपला, तर संगीतानेही श्वास रोखावा. पूर्ण शांततेचे ते दोन सेकंद कोणत्याही सुरावटीपेक्षा अधिक काम करतात.

प्रत्येक आपटण्यावर ढोल वाजवण्याचा मोह आवरावा. डोळ्यांनी पाहून हात हलवायला सुमारे पंचमांश सेकंद लागतो, त्यामुळे पडणे पाहून दिलेला ठोका उशिराच पडतो. तो घसरणारा पाय पाहून द्यावा लागतो. ज्या ठोक्याची खात्री नसेल तो सोडून द्यावा, कारण चुकलेला ठोका सर्वांना ऐकू येतो आणि न दिलेल्या ठोक्याची कोणाला उणीव भासत नाही. याला एकच अपवाद आहे. पडद्यावर कोणी घंटा वाजवत असेल किंवा बँड वाजत असेल, तर तो आवाज यायलाच हवा, आणि पात्र थांबताच थांबायलाही हवा.

हशा किती वेळ टिकेल हे तालमीत कळत नाही. म्हणून विनोदाच्या जागी चार-चार मात्रांचे असे तुकडे बसवावेत, जे कितीही वेळा फिरवता येतील आणि इशारा दिसताच समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून सोडता येतील. हशा चालू असताना आवाज चढवू नये. तो ओसरला की धून आपोआप ऐकू येते. मजकुराच्या पाट्या दिसतात तेव्हाही संगीत विरळ ठेवावे.

बसण्याची जागा अशी निवडावी की मान न वळवता पडदा दिसेल, आणि टिपणावरच्या दिव्याला आडोसा करावा, म्हणजे त्याचा उजेड पडद्यावर पडणार नाही. समोर छोटा पडदा ठेवायचा असेल, तर त्यावरचे चित्र मोठ्या पडद्यापेक्षा उशिरा दिसत नाही ना, हे तालमीतच तपासावे. शेवटची पाटी आली म्हणून हात उचलू नयेत. पडदा पूर्ण काळा होईपर्यंत अखेरचा स्वर धरून ठेवावा.