फिरतीचा स्वतंत्र धंदा आणि घरात तान्हं बाळ: वेळेची सोय कशी लावावी

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत ते कंपनीच्या मर्जीवर. स्वतःचा धंदा करणाऱ्याने मात्र अर्ज करायचा कुणाकडे? त्याची रजा ठरते कोटेशनच्या खाली बारीक अक्षरात छापलेल्या अटींमध्ये. म्हणून या लेखातला मोठा भाग धंद्याचा आहे, लंगोट-दुपट्यांचा कमी.

मी ठाण्याजवळच्या ऐरोलीत राहतो आणि कारखान्यांत कंट्रोल पॅनेल, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) सुरू करून देण्याचं काम करतो. साईट कधी चाकणला, कधी नाशिकच्या सातपूरला, कधी वापीला. उदाहरणं माझ्या कामातली आहेत. इंटिरियरवाल्याने किंवा ऑडिटरने ती आपल्या मापाची करून घ्यावीत.

१. आधी बाळाच्या तारखा, मग साईटच्या

लसीकरणाच्या तारखा बाळ जन्मतं त्याच दिवशी काढता येतात. बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी जन्मानंतर लगेच, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना, नंतर नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. कॅलेंडरमध्ये लसीचा दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस, असे दोन्ही अडवून ठेवा. लसीनंतर ताप येऊ शकतो आणि बाळ किरकिरं होतं. त्या रात्री तुम्ही लॉजवर असणं बरं नव्हे.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. रुग्णालयात जन्म झाला असेल तर महापालिकेला तेच कळवतात, पण आई-वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तुम्ही स्वतः अक्षर न् अक्षर तपासा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे हाच दाखला लागणार आहे. नाव ठरलं नसेल तरी नोंद अडत नाही, ते नंतर घालता येतं.

अॅडव्हान्स टॅक्स आणि जीएसटीच्या तारखा बाळ झालं म्हणून पुढे सरकत नाहीत. बिलांचा फोटो सीएकडे दर आठवड्याला पाठवायची सवय लावा आणि तो विषय डोक्यातून काढून टाका.

२. प्रत्येक फेरी चाळून बघा

ग्राहक म्हणतो, 'एकदा येऊन जा.' त्याला विचारा, नक्की कशासाठी? वायरिंग तपासणं आणि मशीनची पहिली चाचणी, यासाठी जावंच लागतं. पण टायमर बदलणं किंवा एखादा अलार्म का येतोय ते बघणं, यासाठी पहाटे चारला उठून नाशिक गाठायची गरज नसते. पॅनेलमध्ये सिम कार्डवर चालणारा रिमोट अॅक्सेसचा राउटर बसवला आणि त्याची परवानगी ग्राहकाच्या हातात ठेवली, की निम्मं काम घरातल्या टेबलावरून होतं. उरलेलं प्लांटमधला इलेक्ट्रिशियन व्हिडिओ कॉलवर करतो. फक्त त्या माणसाशी नातं नीट ठेवा. त्याला सतत 'अरे, ते नाही, शेजारचं टर्मिनल!' असं ओरडलात तर तो पुढच्या वेळी फोन उचलणार नाही.

जावंच लागणाऱ्या फेऱ्या जोडून घ्या. सातपूर आणि नाशिकमधल्याच अंबडचे दोन ग्राहक एकाच मुक्कामात उरकतात, पण त्यासाठी तारीख तुम्ही सुचवायची, त्यांनी नव्हे.

३. कोटेशनमध्ये काय लिहावं

- व्हिजिट चार्ज दिवसावर, आणि प्रवासाचा दिवसही मोजलेला.
- ब्रेकडाऊनला फोनवर मदत त्याच दिवशी, प्रत्यक्ष भेट ४८ तासांत.
- निघण्याआधी काही रक्कम आगाऊ.
- ग्राहकाची तयारी नसल्यामुळे फेरी फुकट गेली तर त्या दिवसाचे पूर्ण पैसे.

शेवटची अट सगळ्यात जास्त दिवस वाचवते. साईटवर पोचावं तर केबल ओढलेलीच नसते, हा अनुभव या धंद्यात कुणाला नाही!

अडकलेलं पेमेंट हाही घरचाच प्रश्न आहे, कारण पैसे अडकले की माणूस हाताला लागेल ते लांबचं काम घेतो. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या आणि तो नंबर बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात आणि करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. व्याज शक्यतो कुणी मागत नाही. पण नंबर दिसला की अकाउंट्सवाला फाईल जरा वर ठेवतो.

जुन्या ग्राहकांना बाळाचं सांगायला लाजू नका. 'साहेब, बाळ झालंय, दिवाळीपर्यंत मुक्कामाची कामं घेत नाही. रिमोटवर मी आहेच,' एवढं पुरे. बहुतेक जण आधी 'पेढे कुठायत?' विचारतात. 'बघू, जमवू' असं मात्र म्हणू नका. त्याचा अर्थ ग्राहक 'येतो' असाच लावतो.

४. जाणं-येणं

सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत ठाण्याला थांबतात. नेरूळ-खारघरकडच्यांना नवी मुंबई विमानतळ जवळ पडतो, तिथून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटू लागली. घोडबंदर रोडला राहत असाल तर संध्याकाळी गाडीने परतण्याचा हिशेब कधीच जुळत नाही. ठाणे स्टेशनपर्यंत ट्रेनने या.

एका गोष्टीवर मी हट्टी आहे: बाळाने रात्र जागवलेली असताना साईट संपवून रात्री कसारा घाट उतरायचा नाही. तिथेच मुक्काम करा, लॉजचे पैसे कोटेशनमध्ये धरा.

५. घरी असताना

'काही मदत हवी का?' असं बायकोला विचारत बसण्यापेक्षा एक अख्खं काम उचला. पाजणं तिच्याकडे असेल तर ढेकर काढणं, लंगोट बदलणं, परत झोपवणं तुमच्याकडे. परतल्यावर आधी आंघोळ, साईटचे तेलकट कपडे वेगळ्या बादलीत, मगच बाळाला हात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला झोपू द्या आणि मालिशवाल्या बाईंना दार तुम्ही उघडा. सासूबाई किंवा आई आल्या असतील तरीही.

तुम्ही नसलेल्या दिवसांसाठी मदतनीस ठेवलीत तर तिचा पगार फिरतीचा खर्च समजून दर ठरवा. आयकरात तो धरता येत नाही, दरात येतो.

६. निघण्याआधी

फ्रिजवर एक कागद लावा: बाळाच्या डॉक्टरांचा नंबर, चोवीस तास उघडं असलेलं जवळचं रुग्णालय, जादा किल्ली कोणत्या शेजाऱ्यांकडे आहे ते. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, तर घरी औषध न देता लगेच डॉक्टर, हेही मोठ्या अक्षरात लिहा. लसीनंतरच्या तापाचं काय करायचं ते लस घेतानाच विचारून घ्या.

फोन तुम्ही रिकामे झालात म्हणून रात्री साडेदहाला करू नका, बायकोला तिची वेळ विचारा. तिचं उदास राहणं, रडणं दोन आठवड्यांपुढे चाललं तर ते थकव्यावर ढकलू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. हा नंबर बापांसाठीही आहे.

आठव्या-नवव्या महिन्यात बाळ अनोळखी माणसाला बुजतं, आणि चार दिवसांनी परतलेल्या बापालाही बघून भोकाड पसरू शकतं. लगेच उचलून घेऊ नका. जमिनीवर बसा, त्याचं खेळणं हातात घ्या, ते रांगत येईपर्यंत थांबा. आणि तुमची घरी पोचायची वेळ नेमकी त्याला झोप लागण्याची असेल, तर ठाण्याला चहा घेऊन पुढची लोकल पकडा.