लेकीची पहिली सायकल: वय नाही, पाय मोजा

लातूरला गंजगोलाईत सायकल बघायला गेलो तर आमच्या आप्पांचा एकच हेका: "वाढतं अंग हाय, वीस इंचीच घ्या." शाळेच्या ड्रेसला ते चालतं. सायकलवर पाय टेकले नाहीत की लेकरू भितं.

१२, १४, १६, २० इंच हा आकडा चाकाचा असतो, लेकराच्या उंचीचा नाही. म्हणून पाच वर्षांच्या लेकीला अनवाणी भिंतीला उभं केलं, दोन पायांच्या मधे वही आडवी धरून घट्ट वर सरकवली अन् तिथून जमिनीपर्यंत टेप लावला: ४६ सेंटिमीटर. दुकानात सीट पार खाली करून सीटपासून जमिनीपर्यंतचं अंतर त्या मापाशी ताडून बघितलं. वीस इंची बाद, सोळा इंची बसली. ब्रेकचा दांडा तिच्या बोटांनी दाबतो का, हेही तिथंच बघितलं.

बाजूची छोटी चाकं लावलीच नाहीत. पंधरा मिलिमीटरच्या पान्यानं पेडल काढले (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तिथंच बरेच जण झटत बसतात) अन् पायानं ढकलत चालवू दिली. तोल आल्यावर पेडल परत बसवले.

आप्पा अजून म्हणतात, दोन वर्षांत नवी घ्यावी लागंल. लागंल तर लागंल, ही धाकट्याला होईल.